त्सिंगहुआ विद्यापीठातील स्मृतिशिला आणि ‘सम्मुति-सच्च’

बीजिंग नगरीच्या वायव्य भागात त्सिंगहुआ विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. तेथील जुन्या अध्यापन-वास्तूंपैकी एकीच्या लगत, लहानशा टेकडीच्या पायथ्याशी, एक दगडी स्मृतिशिला उभी आहे. इतिहासकार व पुरालेखज्ञ वांग ग्वोवेई यांच्या स्मरणार्थ त्यांच्या सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी ती जून १९२९ मध्ये उभारली. आधुनिक चीनच्या बौद्धिक इतिहासात या शिलेइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या एखाद्या शिलेची झाली असेल. तथापि त्या चर्चेचा सगळा भर लेखाच्या शेवटी आलेल्या दहा अक्षरांवर असतो. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या शब्दाचा विचार करणार आहोत, तो त्यांच्या बराच आधी येतो आणि तो आपल्या परंपरेतला आहे. तो शब्द ‘सू-दी’. पालीत सांगावयाचे तर ‘सम्मुति-सच्च’.

एका आधुनिक विद्यापीठाच्या आवारात, इतिहासाच्या एका प्राध्यापकाच्या स्मारकावर, आभिधार्मिकांचा हा पारिभाषिक शब्द कसा येऊन बसला, आणि पुढील चोवीस वर्षांत त्याचा अर्थ खुद्द लेखकाला दोन निरनिराळ्या राजवटींसमोर कसा उलगडावा लागला, हा इतिहास पाली व संस्कृतच्या अभ्यासकांनी जाणून घ्यावा असा आहे.

वांग ग्वोवेई यांचा जन्म १८७७ साली चच्यांग प्रांतातील हायनिंग येथे झाला. तरुणपणी त्यांनी शोपेनहौअर वाचला, पुढे काव्यशास्त्र आणि नाट्येतिहास यांवर लिहिले, आणि अखेरीस ते प्राचीन लेखांकडे वळले. मध्य आशियाच्या वाळवंटातून स्टाइन यांनी नेलेल्या हान काळातील काष्ठपट्टिकांवर त्यांनी लुओ झेनयू यांच्यासह १९१४ साली ग्रंथ सिद्ध केला. १९१७ साली त्यांनी भविष्यकथनासाठी वापरल्या जाणाऱ्या अस्थींवरील लेखांत शांग वंशाच्या राजांची नावे शोधली, आणि सु-मा छियेन या प्राचीन इतिहासकाराने दिलेली वंशावळ बव्हंशी खरी असल्याचे दाखवून दिले. ज्या वंशाला अनेक विद्वान दंतकथा समजू लागले होते, तो वंश या एका निबंधाने इतिहासात परत आणला. जमिनीतून निघालेला पुरावा आणि कागदावर उतरलेला पुरावा एकमेकांशी ताडून पाहावा, ही त्यांची पद्धत होती. आपल्याकडे अशोकाचे शिलालेख आणि सिंहलद्वीपाचे वंसग्रंथ यांचा मेळ घालताना आपण हेच करीत आलो आहोत.

राजकीय दृष्ट्या वांग जुन्या जगातले होते. मांचू राजवट १९१२ साली संपली, परंतु त्यांनी आपली शेंडीवजा वेणी कापली नाही. पदच्युत बालसम्राट पू-यी याच्या दरबारात १९२३ साली त्यांनी पद स्वीकारले. १९२४ च्या नोव्हेंबरात सम्राटाला राजवाड्यातून हाकलून देण्यात आले. पुढील वर्षी वांग त्सिंगहुआच्या नव्या राष्ट्रविद्या-संशोधन-संस्थेत अध्यापक म्हणून दाखल झाले. लियांग छिछाओ, भाषाशास्त्रज्ञ चाओ युआनरेन आणि १९२६ साली आलेले चेन यिन-के हे तेथील त्यांचे तीन सहकारी. चार आचार्यांची ही संस्था जेमतेम चार वर्षे चालली.

२ जून १९२७ रोजी सकाळी वांग संस्थेत आले, एका सहकाऱ्याकडून पाच युआन उसने घेतले, रिक्षा केली आणि ते ग्रीष्मकालीन राजवाड्यात गेले. तेथील तलावात त्यांनी स्वतःला बुडवून घेतले. कपड्यांत सापडलेल्या चिठ्ठीत आपले वय पन्नास झाले असून आणखी एक मानहानी सोसणे शक्य नाही, अशा आशयाचा मजकूर होता. आपल्या ग्रंथांची व्यवस्था चेन व वू (म्हणजे चेन यिन-के व वू मी) यांच्याकडे सोपवावी, असेही त्यांनी लिहिले होते. दक्षिणेकडून राष्ट्रवादी पक्षाचे सैन्य त्या वेळी वर सरकत होते. हुनानात ये तहुइ या ग्रंथसंग्राहक विद्वानाला दोनच महिन्यांपूर्वी ठार मारण्यात आले होते. वांग यांच्या मृत्यूचे कारण काय, यावर त्याच आठवड्यापासून तर्क सुरू झाले. सम्राटनिष्ठा, कौटुंबिक दुःख, लुओ झेनयू यांच्याशी आलेले वितुष्ट, सैन्याची भीती, अशी एकाहून एक कारणे सांगण्यात आली. ती सारी येथे तोलून पाहण्याची गरज नाही.

वांग यांची समाधी निराळी आहे. विद्यापीठातील शिला मृत्यूनंतर दोन वर्षांनी उभी राहिली, तेव्हा संस्था मिटण्याच्याच बेतात होती. लियांग छिछाओ त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते. शिलेवर ती घडविणाऱ्यांची नावे क्रमाने कोरलेली आहेत. लेखाचा मजकूर चेन यिन-के यांचा. अक्षरे लिन जीजुन यांची. शिरोभागीची प्राचीन वळणाची लिपी पुरालेखज्ञ मा हेंग यांची, जे पुढे राजप्रासाद-संग्रहालयाचे संचालक झाले. आराखडा लियांग सिछेंग यांचा. हे लियांग छिछाओंचे पुत्र, नुकतेच शिक्षण संपवून अमेरिकेहून परतलेले वास्तुशास्त्रज्ञ. चीनच्या वास्तुशास्त्राचा इतिहास पुढे त्यांनीच लिहिला. देखरेख करणाऱ्याचे नाव आहे आणि दगड कोरणाऱ्या पाथरवटाचेही आहे: पेइपिंगचा ली गुइजाओ. पुरालेखांच्या वाचकाला अशी नावे पाहून आनंद होतो. ब्रह्मगिरी व सिद्धापूर येथील अशोकाच्या लेखांखाली ‘चपड’ या लिपिकाराने आपले नाव ठेवले, एवढ्यावरून आपण त्या अज्ञात माणसाचा किती विचार केला आहे! येथे पाथरवटाचे गावही दिलेले आहे, आणि त्या गावाचे नाव ‘पेइपिंग’ असे आहे हेही ध्यानात ठेवावे. कारण राजधानी नानकिंगला नेल्यानंतर, १९२८ साली, राष्ट्रवादी सरकारने पेकिंगला ते नाव दिले होते. म्हणजे शिलेच्या शेवटच्या ओळीतच नवी राजवट हजर आहे.

आता लेखकाकडे वळू. चेन यिन-के यांचा जन्म १८९० चा. आजोबा चेन बाओझेन हे हुनानचे सुधारणावादी राज्यपाल होते आणि १८९८ च्या सुधारणा चिरडल्या गेल्या तेव्हा त्यांना पदावरून काढण्यात आले. वडील चेन सानली हे नामवंत कवी. चेन यांनी जपान, बर्लिन, झुरिक, पॅरिस येथे शिक्षण घेतले आणि १९१९ ते १९२१ या काळात हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स लॅनमन यांच्याकडे संस्कृत व पाली यांचे अध्ययन केले. तेथून ते बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे गेले. इतक्या ठिकाणी राहूनही त्यांनी पदवी एकही घेतली नाही.

हार्वर्डमधील ही वर्षे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. धर्मानंद कोसंबी त्याच लॅनमन यांच्या विभागात १९१८ ते १९२२ या काळात ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम करीत होते. गोव्याच्या एका खेड्यातून निघून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरलेला हा मराठी पंडित, आणि हुनानच्या राज्यपालाचा हा नातू, एकाच आवारात एकाच भाषेच्या शोधार्थ आलेले होते. चीनमधील बौद्ध धर्माचे इतिहासकार म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले थांग युंगथुंग हेही त्याच सुमारास लॅनमन यांच्याकडे संस्कृत व पाली शिकले. या योगायोगावर आम्ही कोणताही मनोरा उभारू इच्छित नाही. परंतु चीनमधील आधुनिक पाली-अध्ययनाचा उगम आणि महाराष्ट्रातील पाली-अध्ययनाचा उगम हे दोन झरे काही काळ एकाच छपराखाली वाहिले, ही नोंद आपल्या इतिहासात असावयास हवी.

चेन यांनी पालीचा उपयोग कसा केला, याचे एक उदाहरण पुरे. तुनह्वांगच्या गुहेतील एका हस्तलिखितात भिक्षुणी उप्पलवण्णेची कथा आहे. तिने पूर्वी घेतलेल्या शपथांमुळे तिला सात प्रकारची दुःखे भोगावी लागली, असे तेथे म्हटले आहे, पण प्रत्यक्षात दुःखे सहाच सांगितली आहेत. लेखनिकाची चूक म्हणून कोणीही पुढे गेला असता. चेन यांनी १९३२ सालच्या एका छोट्या टिपणात ‘थेरीगाथे’तील उप्पलवण्णेच्या गाथा पुढे ठेवल्या. आई आणि मुलगी एकमेकींच्या सवती झाल्याचा प्रसंग तेथे आहे. सातवे दुःख हेच, आणि चिनी कुटुंबनीतीला तो प्रसंग असह्य वाटल्यामुळे तो जाणूनबुजून गाळला गेला, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यात त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. परका धर्म स्वीकारताना एखादा समाज काय घेतो याइतकेच तो काय गाळतो हेही पाहावे लागते. ज्याने हे टिपण लिहिले, त्याने शिलेवर बौद्ध परिभाषेतला शब्द केवळ अलंकार म्हणून वापरला असेल, हे संभवत नाही.

शिलालेख लहान आहे. सहकारी व शिष्य आचार्यांना विसरू शकत नाहीत, म्हणून दगडावर त्यांचे स्मरण कोरावे असे ठरले, मजकुराची विनंती आपणास झाली आणि आपणास ती टाळता आली नाही, एवढी प्रस्तावना प्रथम येते. मग मुख्य विधान येते. विद्वानाचे वाचन व संशोधन कशासाठी, तर चित्ताला ‘सू-दी’च्या बेड्यांतून सोडवावे आणि त्यायोगे सत्याला विस्तारास वाव मिळावा, यासाठी. विचार मोकळा नसेल तर जगण्यापेक्षा मरण बरे, असे लेख पुढे सांगतो. वांग यांच्या मृत्यूचा संबंध कोणा एका व्यक्तीशी असलेल्या स्नेहवैराशी किंवा कोणा एका राजवंशाच्या उदयास्ताशी नाही, असे तो बजावतो. शेवटी चेन एक असे वाक्य लिहितात, जे कोणत्याही स्मारकावर सहसा सापडणार नाही. आचार्यांच्या सिद्धांतांवर पुढे मतभेद होऊ शकतील, असे ते कबूल करतात. पण वृत्तीची स्वाधीनता आणि विचाराचे स्वातंत्र्य मात्र सूर्यचंद्रांबरोबर टिकेल. मघा उल्लेखिलेली दहा अक्षरे याच शेवटच्या भागातली.

‘दी’ हे अक्षर चार आर्यसत्यांसाठी वापरले जाते तेच. ‘सू’ म्हणजे लौकिक, रूढ, चारचौघांचे. कुमारजीवाने ५ व्या शतकाच्या आरंभी छांगआन येथे नागार्जुनाच्या मध्यमकशास्त्राचे भाषांतर केले, तेव्हा चोविसाव्या प्रकरणातील दोन सत्यांपैकी संवृतिसत्यासाठी हाच शब्द योजला होता. त्याच्या जोडीचा ‘जेन-दी’ म्हणजे परमार्थसत्य. ६ व्या शतकात चीनमध्ये आलेला उज्जयिनीचा आचार्य परमार्थ चिनी ग्रंथांत ‘जेन-दी’ याच नावाने ओळखला जातो. तेव्हा दीड हजार वर्षे चिनी भाषेत रुळलेला हा शब्द होता.

येथे पालीच्या अभ्यासकाच्या मनात एक शंका उभी राहते, आणि ती आम्ही दडवून ठेवणार नाही. सम्मुति-सच्च ही बेडी आहे काय? ‘कथावत्थु’च्या अट्ठकथेत स्पष्ट म्हटले आहे की, तथागतांनी दोन सत्ये सांगितली, सम्मुति आणि परमत्थ, तिसरे नाही. दोन्हीही सत्येच. अट्ठकथाकार दृष्टांत देतात तो अनेक देशभाषा जाणणाऱ्या आचार्याचा: ज्यांना द्रविड भाषा समजते त्यांना तो द्रविड भाषेत अर्थ सांगतो, ज्यांना आंध्र भाषा समजते त्यांना आंध्र भाषेत. भाषा बदलली म्हणून आचार्य खोटे बोलतो असे होत नाही. ‘पोट्ठपाद सुत्ता’तही हेच आहे. लोकांची नावे, लोकांचे व्यवहार तथागत वापरतात, पण त्यांत गुंतत नाहीत.

शब्दाच्या इतिहासातच या शंकेचे उत्तर दडलेले आहे. पालीतील ‘सम्मुति’ हा शब्द ‘मन्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ एकमत, मान्यता. विनयात संघाने सीमा ठरविली की ती ‘सीमा-सम्मुति’. आपल्या मराठीतील ‘संमती’ आणि ‘सर्वसंमत’ हे शब्द त्याच कुळातले. संस्कृतात मात्र हा शब्द ‘संवृति’ झाला. ‘वृ’ धातू, म्हणजे झाकणे. चंद्रकीर्तीने त्याची व्युत्पत्ती चहूकडून आवरण घालणारे अज्ञान अशी केली. चिनी भाषांतरकारांनी ना संमती घेतली, ना आवरण. त्यांनी ‘रूढी’ घेतली. एकच कल्पना तीन भाषांत तीन चेहरे धारण करते: संमती, आवरण आणि रूढी. चेन यांनी शिलेवर ज्या अर्थाने हा शब्द योजला आहे, त्यात हे तिन्ही चेहरे एकत्र आले आहेत. सर्वांची संमती असलेली गोष्ट रूढ होते, आणि रूढ झाली की ती आवरण होऊन बसते.

तरीही ‘बेडी’ हा शब्द थेरवादाच्या दृष्टीने जादा वाटतो, आणि आमचे मत असे की तेथे चेन यांनी परिभाषा थोडी ताणली आहे. त्यांचा रोख आम्हांस ‘मज्झिमनिकाया’तील अरणविभंग सुत्ताच्या अधिक जवळचा दिसतो. तेथे एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत ‘पाति’, ‘पत्त’, ‘सराव’, ‘पोण’ अशी निरनिराळी नावे असल्याचे सांगितले आहे. ज्या गावी जे नाव चालते ते वापरावे, त्या नावाची पायमल्ली करू नये, पण हेच एक नाव खरे आणि बाकी सारी व्यर्थ, असा अभिनिवेश धरू नये. दोष भांड्याचा नाही, नावाचाही नाही. दोष अभिनिवेशाचा आहे. सम्मुति बेडी होते ती या अभिनिवेशाने. तो धरण्यात पंडित मागे नसतात, आणि विहाराच्या सावलीत बसून लिहिणारे आमच्यासारखे लोकही त्यातून सुटलेले नाहीत.

मग १९२९ साली त्सिंगहुआच्या आवारात हा अभिनिवेश कोणता होता? उत्तरेचे सरसेनापती हरले होते. राष्ट्रवादी पक्षाचे राज्य आले होते. दर सोमवारी शाळांतून व कचेऱ्यांतून सुन यत्-सेन यांच्या तसबिरीसमोर उभे राहून त्यांचे मृत्युपत्र वाचले जाई आणि तीन वेळा लवून नमन केले जाई. पक्षाची तत्त्वे हा शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा विषय झाला. त्सिंगहुआ ही मुळात अमेरिकेने परत केलेल्या बॉक्सर-नुकसानभरपाईच्या पैशांतून १९११ साली निघालेली शाळा. १९२८ साली ते राष्ट्रीय विद्यापीठ झाले, आणि त्याच्या अध्यक्षपदी पक्षाने पाठविलेले लुओ जियालुन आले. त्यांनी विद्यार्थ्यांना लष्करी कवायत लावली. सुन यत्-सेन यांच्या ‘तीन जनतत्त्वां’त गैर काही होते असे नव्हे. त्यांत राष्ट्र होते, लोकसत्ता होती, उपजीविका होती. भांडे चांगलेच होते. पण त्याचे एकच नाव उच्चारावे, असा हुकूम निघाला होता.

येथे चेन यांच्या आधीच्या लेखनाची आठवण होते. वांग यांच्या मृत्यूनंतर लगेच लिहिलेल्या शोककाव्याच्या प्रस्तावनेत त्यांनी मृत्यूचे कारण वेगळे दिले होते: एखादी संस्कृती लयास जाऊ लागली की, जो तिच्यात अधिक मुरलेला तो अधिक दुःख भोगतो. राजा-प्रजा, पिता-पुत्र, पति-पत्नी या जुन्या बंधनांचा आदर्श कोसळला आणि त्याबरोबर वांग गेले. दोन वर्षांनी शिलेवर त्या बंधनांचा उल्लेखही नाही. तेथे आहे ते स्वातंत्र्य. काही अभ्यासक यांत विसंगती पाहतात. आम्हांस असे वाटते की, मधल्या दोन वर्षांत बदललेली गोष्ट मृत मित्र नव्हे, पेकिंगचे पेइपिंग झाले होते. पहिल्या लेखात चेन गेलेल्या माणसाविषयी बोलत होते. दुसऱ्यात, त्याचे निमित्त करून, मागे राहिलेल्यांविषयी. वेणी न कापणाऱ्या सम्राटनिष्ठाला विचारस्वातंत्र्याचा हुतात्मा करणे हे इतिहासाच्या दृष्टीने कितपत न्याय्य, हा प्रश्न उरतोच. आमच्या मते शिलेवरील वांग हे अर्धे वांग आणि अर्धे स्वतः चेन आहेत.

यानंतरची चोवीस वर्षे आपण भरभर ओलांडू. युद्ध आले. १९३७ साली चेन यांचा उजवा डोळा गेला, १९४४ च्या अखेरीस डावाही. ऑक्सफर्डने त्यांना चिनी विद्येचे आसन देऊ केले होते. ते १९४५ साली तेथे गेले ते शस्त्रक्रियेसाठी, आणि दृष्टी परत न मिळताच मायदेशी आले. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी बीजिंग कायमचे सोडले आणि ते दक्षिणेस क्वांगचौ येथे गेले. तेथेच ते शेवटपर्यंत अध्यापक राहिले.

१९५३ च्या उत्तरार्धात विज्ञान अकादमीने मध्ययुगीन इतिहासाच्या नव्या संशोधन-संस्थेचे संचालकपद त्यांना देऊ केले. निरोप घेऊन आला तो त्यांचाच जुना विद्यार्थी वांग जियान. (आडनावाचा उच्चार सारखा वाटला तरी हे अक्षर वेगळे, घराणे वेगळे.) अंध गुरूने १ डिसेंबर रोजी तोंडी उत्तर दिले आणि शिष्याने ते उतरवून घेतले. ते उत्तर आज उपलब्ध आहे. त्याचा आरंभच मुळी या शिलेपासून होतो. माझे विचार, माझी भूमिका सारी वांग ग्वोवेई यांच्या स्मृतिलेखात आहे, असे चेन म्हणाले. आणि मग त्यांनी आपल्याच लेखावर जणू अट्ठकथा सांगितली. ‘सू-दी’ हा शब्द त्या वेळी ‘तीन जनतत्त्वां’ना उद्देशून होता, असे ते उघड म्हणाले. शिला कधी उभी राहिली, तेव्हा विद्यापीठाचा अध्यक्ष कोण होता आणि त्याला कोणी पाठविले होते, हे सर्वांना ठाऊक आहे, असेही त्यांनी सुनावले.

एवढ्यावर ते थांबते तर नव्या राजवटीला तो शब्द गोडच वाटला असता, कारण राष्ट्रवादी पक्ष आता शत्रू होता. पण चेन यांनी पुढे दोन अटी घातल्या. संस्थेला मार्क्स-लेनिनवादाचे बंधन नसावे, तेथे राजकीय पाठ नसावेत. आणि तशा परवानगीचे पत्र माओ त्से-तुंग किंवा लियू शाओ-छी यांनी ढाल म्हणून द्यावे. मार्क्सच्या विरोधात आपण नाही, स्वित्झर्लंडमध्ये असताना १९११ सालीच आपण ‘भांडवल’ हा ग्रंथ मूळ भाषेत वाचला आहे, पण आधी मत ठरवून मग संशोधन करता येत नाही, एवढेच आपले म्हणणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. समोर बसलेल्या शिष्यालाही त्यांनी सोडले नाही. जो हे मानतो तोच माझा शिष्य, न मानणारा नव्हे, असे त्यांनी त्याला सांगितले. संचालकपदी अर्थातच ते गेले नाहीत.

या उत्तरामुळे शिलेवरील शब्दाचे काय झाले, ते पाहावे. १९२९ साली त्याचा निर्देश एका पक्षाच्या तत्त्वांकडे होता. ती तत्त्वे त्या भूमीवरून १९४९ साली गेली. शिलेवर ‘तीन जनतत्त्वे’ असे नाव कोरले असते, तर ती शिला तेव्हाच निकाली निघाली असती. चेन यांनी नाव कोरले नाही, नावांची जात कोरली. त्यामुळे चोवीस वर्षांनी, दगडाला हात न लावता, तोच शब्द दुसऱ्या राजवटीला लागू पडला. जनपद बदलले, भांड्याचे नाव बदलले, अभिनिवेश तोच राहिला. पारिभाषिक शब्दाची ताकद अशी असते, आणि ती चेन यांना माध्यमिकांकडून मिळाली होती, पश्चिमेच्या उदारमतवादाकडून नव्हे. आधुनिक अभ्यासक हा लेख स्वातंत्र्याच्या युरोपीय कल्पनेचा चिनी अनुवाद म्हणून वाचतात, तेव्हा त्यांच्या हातून हा दुवा निसटतो.

त्याच उत्तरात चेन यांनी शिलेविषयी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. शिला अजून जागेवर आहे की नाही, हे आपणास ठाऊक नाही. लेख चांगला वाटत नसेल तर तो फोडून टाकावा, आणि अकादमीचे अध्यक्ष गुओ मोरुओ यांनी नवा लिहावा. तेही अस्थिलेखांचे तज्ज्ञ आहेत, कदाचित वांग त्यांना अधिक कळले असतील. मग मी हान यू होईन, ते दुआन वेनछांग होतील. या उपरोधाचा संदर्भ चिनी वाचकाला तत्काळ कळतो, आपल्याकडे तो सांगावा लागेल. थांग काळात एका बंडाचा बीमोड झाल्यावर ८१८ साली हान यू याने विजयलेख रचला. दरबारात त्याबद्दल तक्रार गेली, सम्राटाने तो दगडावरून घासून टाकावयास लावला आणि दुआन वेनछांग याच्याकडून नवा लिहवून घेतला. दुआनचा दगड उभा राहिला, वाचला गेला तो हान यूचाच लेख. माझाही लेख पसरला आहे, तो बुजणार नाही, असे चेन यांनी त्याला जोडून म्हटले.

हान यूचे नाव बौद्ध इतिहासाच्या वाचकाला अन्य कारणाने परिचित आहे. ८१९ साली बुद्धधातूच्या राजवाड्यातील पूजेविरुद्ध अर्ज लिहून हद्दपार झालेला तोच हा. बुद्धशासनाच्या या कडव्या विरोधकाशी चेन यांनी स्वतःची तुलना करावी, यात आम्हांस विपरीत काही वाटत नाही. १९५४ साली त्यांनी हान यूवर निबंध लिहिला आणि कन्फ्यूशियन गुरुपरंपरेची त्याची कल्पना प्रत्यक्षात ध्यानसंप्रदायाच्या गुरुपरंपरेवरून घेतलेली आहे, असे प्रतिपादन केले. विरोधकाच्या शब्दांतही बौद्धांचे ऋण दिसते, हे दाखविण्याची त्यांना हौस होती.

चेन यांची अखेरची वर्षे कष्टाची गेली. १९६२ साली पाय मोडला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात अंध व अंथरुणाला खिळलेल्या या वृद्धाला छळ सोसावा लागला आणि ७ ऑक्टोबर १९६९ रोजी ते वारले. दीड महिन्याने पत्नी थांग युन याही गेल्या. १९५३ चे उत्तर सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले ते लु जियानदोंग यांनी चेन यांच्या अखेरच्या वीस वर्षांवर लिहिलेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे. तेव्हापासून शिलालेखातील ती दहा अक्षरे चिनी विद्वज्जगतात सर्वतोमुखी झाली. भाषणांत, प्रस्तावनांत ती येतात. इतकी की, तीच एक नवी सम्मुति होऊ पाहत आहेत. ‘सू-दी’चे वाक्य मात्र त्यांच्याबरोबर सहसा येत नाही.

चेन पति-पत्नींच्या अस्थी अनेक वर्षे दफनाविना राहिल्या. २००३ च्या जूनमध्ये त्या लूशान पर्वतावरील वनस्पतिउद्यानात ठेवण्यात आल्या. तेथे समाधीशेजारी एक मोठा, न घडविलेला दगड आहे. त्यावर चित्रकार हुआंग योंगयू यांच्या हस्ताक्षरात तीच दहा अक्षरे कोरलेली आहेत. त्यांच्या आधीचे वाक्य वाचावयाचे असेल, तर अद्यापि त्सिंगहुआच्या शिलेपाशीच जावे लागते.